बरणीला कान लावणारा
कार्तिक शुद्ध पंचमीला तीन रुपयांच्या मनुका, गूळ आणि आंबवण्यासाठी धायटीची फुलं मी बरणीत घातली, तेव्हा घरात खोकल्याने अंथरूण धरलेली बायको होती आणि मदतीला वैद्यांकडे औषधं कुटणारा गडी होता. हे द्राक्षासव महिन्यात तयार होऊन पोटात गेलं तर हिवाळा निघेल, असं वैद्य म्हणाले होते.

आसव नासलं की नाही, हे तो बरणीला कान लावून सांगे. टोपी काढून डोळे मिटी आणि एक बोट वर करी, म्हणजे कुणी बोलायचं नाही. मग आत बुडबुडे ऐकू आले तर "बोलतंय", नाहीतर "गप हाय" एवढंच म्हणे.

"झाकण काढू नगा, अण्णा," असं त्याने बजावलं होतं. सहाव्या दिवशी मी काढलं. वर फेस होता, आंबूस वास होता. नासकं तिच्या पोटात नको म्हणून सगळं मोरीत ओतलं.

त्याच संध्याकाळी तो आला. मोरीपाशी बसून त्याने उरलेला फेस बोटावर घेऊन हुंगला.

"जित्तं हुतं की, अण्णा. आंबताना फेस तर येतोच."

"पुन्हा घालू?"

"म्हैना लागंल."

आत ती खोकली. त्याने टोपी काढली, डोळे मिटले, बोट वर केलं आणि बराच वेळ ऐकलं. मग टोपी घालून तो उठला.

मी पुढे केलेले चार आणे त्याने घेतले नाहीत. त्यातले दोन मी नव्या आसवासाठी बरणी घासणाऱ्या बाईला दिले.