मंगळवारचा बाक

उल्हासनगरच्या एका सरकारी दवाखान्याच्या अंगणात, टीबीच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. आमचा टीबी हट्टी, साध्या औषधांना दाद न देणारा, त्यामुळे कोर्सही लांबलचक. दर मंगळवारी तेच चेहरे, म्हणजे तेच मास्क! गोळ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठले. ते दुसरीकडे सांगायची सोय नाही, कारण आमच्या शेजारी बसणारे फक्त आम्हीच.

*

मी अंबरनाथ पश्चिमेला शिकवण्या घ्यायचे. टीबी म्हटलं तर बिल्डिंग हादरेल, म्हणून सांगितलं, "कावीळ झालीय." काविळीला समाजात मान आहे! दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वहिनी कावीळ उतरवायची माळ घेऊन हजर. मी मास्कआड श्वास रोखून उभी, आणि त्यांनी स्वतः ती माझ्या गळ्यात घातली.

मंगळवारी सिस्टर ओरडल्या, "हे काय? काढा ते!"

म्हटलं, "राहू द्या हो. कोणीतरी हात लावून घातलीय."

*

सुनीता उल्हासनगरातच, कॅम्प तीनच्या एका कारखान्यात जीन्स शिवते. तिच्यापासून लागण होत नाही असा रिपोर्ट आल्यावर ती कामावर गेली, पण गोळ्यांनी रंग पार काळवंडलेला. शेठ म्हणाले, "क्या सुनीता, गोवा घूमके आयी?"

"हां शेठ!"

मंगळवारी मला विचारते, "मॅडम, गोव्यात समुद्र सोडून काय असतं? कामावरच्या पोरी रोज विचारतात. किती दिवसांनी कोणी काही विचारतंय, ते बंद नको पडायला."

*

शेळकेकाका शिरगावचे, कंपनीतून रिटायर झालेले. आमच्या काही गोळ्यांनी मन खचतं, म्हणून सिस्टर प्रत्येकाची चौकशी करतात.

"काका, घरी कोणाशी बोलता?"

"मुलगा रोज फोन करतो ना."

"अरे वा! कुठे असतो?"

"हॉलमध्ये."

काका बेडरूममध्ये, बाकी घर हॉलमध्ये. आता धोका नाही असं सिस्टरांनी मुलाला समजावलं, त्याने मान डोलावली, आणि काका तिथेच राहिले. बरं होऊन हॉलमध्ये नातीशेजारी बसून कार्टून बघायचं, एवढंच त्यांचं मागणं. एकदा वैतागून म्हणाले, "बस झालं, नाही खात गोळ्या!"

सुनीता म्हणाली, "मग हॉल गेला, काका."

त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

*

काकांचा कोर्स संपला, रिपोर्ट क्लीन आला. आम्ही पेढे खाल्ले. बाकावरची त्यांची जागा रिकामी दिसली की मला रडू यायचं, पण माणूस हॉलमध्ये पोचला याचं समाधानही होतं.

आणि एका मंगळवारी काका बाकावर हजर! सिस्टर धावत आल्या. "काका, तुम्ही बरे झालात! पेशंटमध्ये बसू नका, परत लागण होईल. लांब व्हा आधी!"

काका उठले आणि अंगणाच्या पार टोकाला कडुलिंबाखाली जाऊन बसले. तिथून हात केला. माझा फोन वाजला.

"मॅडम, कशा आहात?"

"मी बरी. तुम्ही सांगा, हॉल मिळाला ना?"

"मिळाला की! अख्खा मिळाला. मुलगा आता बेडरूममधून फोन करतो."