राखून ठेवलेला दम

धाकलूचं हृदय आता जेमतेम चालत होतं. कर्जतच्या डॉक्टरांनी औषधं वाढवून पाहिली, खोपोलीच्यांनी बदलून पाहिली. शेवटी पनवेलकडच्या मोठ्या हॉस्पिटलात दुसरं हृदय बसवण्याची गोष्ट निघाली. पण त्याआधी त्याने फिरत्या पट्ट्यावर चालून दाखवायचं होतं. तोंडावर मास्क, छातीवर तारा, आणि दम पुरता संपेपर्यंत चालायचं. शरीर किती प्राणवायू वापरतं ते यंत्र मोजणार, आणि त्यावर नाव यादीत जाणार की नाही ते ठरणार.

पहिल्या खेपेला तो मधेच थांबला. चाचणी घेणाऱ्या हर्षलाने विचारलं, पाय दुखले का, छातीत काही होतंय का. त्याने मान हलवली. बस झालं, एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी आलेख पाहिला. यांनी पूर्ण ताकद लावलेलीच नाही, यावरून काही ठरवता येत नाही, म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ. तेव्हाही असंच झालं, तर यादी ठरवणाऱ्या समितीपुढे काय ठेवायचं?

बाहेर बाकावर जयवंता नवऱ्यावर चिडली. ‘‘पोरीच्या हळदीत नाचलात तेबी असंच. दम लागायच्या आधी खाटेवर.’’

‘‘मी नाय थांबत गं. पाय थांबतात.’’

ते खरं होतं. ठाकुरवाडीच्या घाटात रूळ तपासण्यात त्याचा जन्म गेला होता. बोगद्यात शिरताना दम कधी संपवायचा नाही, हे मुकादमाने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मागून गाडी आली तर भिंतीतल्या कोनाड्यापर्यंत पळायला तो शिल्लक हवा. त्याच्या जोडीचा पोशा एकदा चढावर दमून आत टेकला. त्याला कोनाडा गाठता आला नाही. त्यानंतर धाकलूच्या अंगानेच हिशेब ठेवायला सुरुवात केली. धाप लागण्याआधी तो बसायचा. दुखणं वाढत गेलं तसा लवकर बसू लागला, आणि घरात कुणाला काही कळलं नाही. जयवंतालाही नाही; आज बाकावर त्याने ते पहिल्यांदा तिला सांगितलं.

दुसऱ्या खेपेला तिने हर्षलाला विचारून आत उभं राहायची परवानगी घेतली. समोर नाही. ती पट्ट्याच्या मागे, दाराकडे तोंड करून उभी राहिली.

पट्टा सुरू झाला. हळूहळू चढ वाढला. मास्कमधून आवाज येऊ लागला, कोरड्या ओढ्यात दगड घसरावेत तसा. धाकलूचा हात थांबण्याच्या बटणाकडे गेला.

‘‘अवो,’’ जयवंता न वळता म्हणाली, ‘‘मागं मी बघते. काय येत नाय. तुमी चाला.’’

हात हवेतच राहिला. मग त्याने दांडी धरली.

हर्षलाची नजर पडद्यावरून हलत नव्हती. धाकलूची मान भिजली, ओठ काळवंडले. जयवंताला पाठीमागे त्याचे पाय फरफटताना ऐकू येत होते. वळावं, आणि पुरे म्हणावं, असं तिला वाटलं. ती वळली नाही. मग पाय पट्ट्यावर घसरल्याचा आवाज आला, आणि हर्षलाने पट्टा थांबवून त्याला धरून खाटेवर निजवलं.

डॉक्टर आले. या वेळी चाचणी पुरी झाली, म्हणाले. आकडा फार खाली आहे, वाटलं होतं त्याहून खाली, म्हणजे दुसरं हृदय हवंच. नाव समितीकडे पाठवतो.

जयवंताला हसावं की रडावं कळेना. ती खाटेपाशी वाकली. ‘‘नाव पाठवतायत.’’

त्याच्यात दम काही उरला नव्हता. त्याने तिचं मनगट पकडलं आणि श्वास परत येईपर्यंत, बराच वेळ, सोडलं नाही.