बोअरच्या पाण्याचं निळं

"दर ब्लॉकनंतर पाणी पुसायचं, तंबी, नाहीतर एकाचं मरण दुसऱ्याच्या स्लाइडवर जाऊन बसतं."

पेच्चिमुत्तु अण्णाच्ची हे जेबसिंगला म्हणाले तेव्हा मी दाराजवळच्या टेबलावर रिपोर्ट टाइप करत होतो. जेबसिंगचा आमच्या लॅबमधला तो पहिला दिवस. ते आम्हा सगळ्यांचे अण्णाच्ची, थोरले भाऊ; धाकटा कुणीही त्यांचा तंबी. कोईमतूरहून तो एक यंत्र घेऊन आला होता आणि अण्णाच्ची नेमकं काय करतात ते वहीत उतरवून घेत होता. हे वाक्य त्यानं उतरवलं नाही. पाणी पुसणं यंत्राच्या कामाचं नव्हतं.

लॅब तिरुनेलवेली जंक्शनच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. अण्णाच्ची तिथं एकतीस वर्षं होते. सर्जननं कापून पाठवलेला कण, जिभेचा किंवा स्तनाचा, मेणाच्या वडीत बसवायचा. ती वडी म्हणजे ब्लॉक. मायक्रोटोमच्या पात्यावर तिचे केसाहून पातळ काप काढायचे. काप कोमट पाण्याच्या भांड्यात सोडला की सुरकुत्या टाकून पसरतो. मग खालून काच घालून त्याला अलगद उचलायचं. त्यानंतर वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी पाण्यावरून ओढायची. आधीच्या माणसाचं जे काही तरंगत राहिलं असेल ते कागदाला लागून निघून येतं. मग पुढचा माणूस. अण्णाच्ची 'पुढचा ब्लॉक' म्हणत नसत, 'पुढचा माणूस' म्हणत.

नुसता काप पाहिला तर काही दिसत नाही. काचेवर कुणी श्वास सोडावा तेवढाच डाग. त्यात कुठली पेशी शहाणी आहे आणि कुठली बहकली आहे ते कळायला रंग लागतो. खिडकीखालच्या फळीवर अण्णाच्चींच्या अकरा बरण्या ओळीनं उभ्या असत. हिमॅटॉक्सिलिनच्या बरणीतून स्लाइड बाहेर येते ती जांभूळ चुरगळल्यासारखी, लालसर. तिला निळं करतं ते पाणी. पुस्तकांत त्यासाठी औषध घातलेलं पाणी सांगितलं आहे. अण्णाच्ची गच्चीवरच्या टाकीतलं बोअरचं पाणी वापरत. जड, खारं, नळाच्या तोंडावर पांढरे थर चढवणारं.

"हलवेवाल्यांना ताम्रपर्णी नदीचं गोड पाणी लखलाभ," ते म्हणत, "माझं भागतं बोअरवर."

त्या पाण्यानं येणारं निळं वेगळंच होतं. पाऊस ओसरून गेल्यावर पोदिगै डोंगर दिसतो तसं. आमच्या डॉक्टर गोमती एकदा मदुरैला परिषदेला गेल्या असताना पडद्यावर कुणीतरी दाखवलेली स्लाइड बघून म्हणाल्या होत्या, "ही आमच्याकडची आहे." होतीही.

तोच निळा रंग अण्णाच्चींच्या उजव्या अंगठ्यात आणि दोन बोटांत मुरला होता. लग्नाच्या पंगतीत नवखा वाढपी नारळाच्या दुधातली सोदी भातावर वाढताना थबकायचा. अण्णाच्ची वर न बघता म्हणायचे, "मतदान करून आलोय. वाढ."

जेबसिंगच्या यंत्राला जोड्या हव्या होत्या. आधी बिनरंगाचा काप एका खास दिव्याखाली ठेवायचा. त्या उजेडात मांस आपणहून, अगदी मंद, चमकतं. त्याचा फोटो. मग तीच स्लाइड अण्णाच्चींनी रंगवायची, पुन्हा फोटो. कुठल्या चमकेचा पुढे कुठला रंग होतो हे यंत्र त्या दोन फोटोंवरून शिकत गेलं. चौदा महिने, साडेचार हजार जोड्या. त्यानंतर त्याला दुसऱ्या फोटोची गरज राहिली नाही. बिनरंगाचा काप आत घातला की चहा पिऊन होईतो पडद्यावर रंगवलेली जीभ तयार. बरणी नाही, थेंब नाही, वास नाही.

"याला खायला काय घालतोस?" अण्णाच्चींनी विचारलं होतं.

"तुमच्याच स्लाइडी, अण्णाच्ची."

"म्हणजे माझंच खाऊन माझ्या पाटावर बसणार."

"पण बघा तरी, निळं कसं काढलंय! याला दुसरं निळं माहीतच नाही. उद्या दिल्लीला नेलं तरी बोअरचंच निळं काढेल हे."

अण्णाच्ची पडद्यासमोर वाकले. मग म्हणाले, "मग मी मेलो तरी चालेल म्हण की."

जेबसिंग हसला. तो तिशीतला, मनानं चांगला मुलगा होता. अण्णाच्ची हसले नव्हते हे त्याच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टर गोमतींनी सहा महिन्यांची मुदत ठरवली. लॅब त्यांचीच. सगळे रिपोर्ट यंत्राच्या चित्रावरून द्यायचे. दर दहावी स्लाइड अण्णाच्चींनी हातानं रंगवून ताडून बघायची.

"सहा महिन्यांत यंत्रानं एकदा जरी नसलेलं दाखवलं किंवा असलेलं लपवलं, तर बरण्या राहतील," त्या म्हणाल्या. "नाहीतर फळी रिकामी करायची, अण्णाच्ची."

"आणि मी, अम्मा?"

"तुम्ही काप काढा. पगार तोच."

"पगार नाही विचारला, अम्मा."

पाच महिने गेले. दर दहावी स्लाइड पडद्याशेजारी धरून अण्णाच्ची बघायचे. एक डोळा मायक्रोस्कोपमध्ये, एक पडद्यावर. काय शोधतायत ते मला ठाऊक होतं. सापडत नव्हतं. यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते वळायचे, स्लाइड पेटीत ठेवायचे आणि पुढच्या माणसाकडे जायचे. आता माणसंही वाढली होती. रंगवण्याचा वेळ वाचतो म्हणून दिवसाला तीस ब्लॉकचे सत्तर झाले होते.

पंगुनी महिन्यातल्या, मार्चअखेरच्या एका बुधवारी जेबसिंगच्या संस्थेतली माणसं चित्रीकरणाला आली. अण्णाच्ची इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, कपाळावर ताजी विभूती. त्या दिवशी पात्याला एका जागी बारीक खाच पडली होती, प्रत्येक कापावर एक रेघ उमटत होती. पण दिवे लागले होते, पातं बदलायला कुणी थांबेना. पहिला ब्लॉक मेलप्पाळयमच्या मैदीन बीवींचा, विड्या वळणाऱ्या म्हातारीचा. जिभेचा कॅन्सर; तिला आणि तिच्या मुलांना तो आधीच माहीत होता. काप उचलून झाला. अण्णाच्चींनी सवयीनं कागदाच्या पट्टीकडे हात नेला.

"अण्णाच्ची," जेबसिंग हळूच म्हणाला, "ते पेपरचे तुकडे जरा बाजूला ठेवू या? चित्रात कळकट दिसतात."

अण्णाच्चींनी पट्ट्यांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला. का ठेवला, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातांकडे कुणी दिवे लावून बघितलं नव्हतं, एवढंच उत्तर मला सापडतं. 'पुढचा माणूस' असं म्हणत त्यांनी दुसरा ब्लॉक लावला.

दुसरा ब्लॉक इसक्कीपांडीचा होता. सरकारी बसचा कंडक्टर, बेचाळीस वर्षांचा, सुपारीचा नाद. जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा.

गुरुवारी सकाळी डॉक्टर गोमतींनी यंत्राचं चित्र बघून मला मजकूर सांगितला: जीभ, डावी कड, कॅन्सर. सर्जनला फोन झाला. सोमवारी जिभेचा डावा भाग काढायचा ठरला. माझ्या पडद्यावर ते चित्र उघडं होतं, रिपोर्टात चिकटवायला. बाहेरच्या बाकावर इसक्कीपांडी खाकी कपड्यांतच बसला होता. ड्युटी अर्धी टाकून आलेला. आत डोकावून तो अण्णाच्चींना म्हणाला, "सांगून टाका हो, अण्णाच्ची. एक शिटी की दोन?"

एक शिटी म्हणजे गाडी थांबवा. दोन म्हणजे जाऊ द्या.

"शिटी अम्मा वाजवतात. बस जरा," अण्णाच्ची म्हणाले, आणि येता येता त्यांची नजर माझ्या पडद्यावर पडली. ते थांबले.

"हे मोठं कर."

मी केलं. जिभेच्या कापाच्या एका कडेला बहकलेल्या पेशींचं एक बेट होतं. निळं, गर्द, सुंदर म्हणावं असं. काप आणि बेट एकाच सुबक रंगात रंगलेले होते, एकाच घरातले असल्यासारखे.

अण्णाच्चींनी निळं बोट पडद्याला लावलं. "ही रेघ बघ. पात्याच्या खाचेची. कापावर उभी आहे."

"हो."

"आणि या तुकड्यावर?"

त्या तुकड्यावरची रेघ तिरपी होती.

मला कळायला वेळ लागला. एकाच पात्यावर, एकाच वेळी कापलेल्या मांसावर रेघ एकाच दिशेनं जाते. तिरपी जायची असेल तर तो तुकडा आधीच सुटून पाण्यावर फिरलेला हवा. तो तुकडा कंडक्टरचा नव्हता. पाणी न पुसल्यानं मागे राहिलेला, मैदीन बीवींचा होता.

अण्णाच्चींचा चेहरा मी पाहिला आणि पाहायला नको होता असं वाटलं. ते पेटीकडे गेले, इसक्कीपांडीची बिनरंगाची स्लाइड काढली आणि आतल्या दाराशी उभं राहून म्हणाले, "अम्मा, हा रिपोर्ट थांबवा. मी स्लाइड रंगवतो."

डॉक्टर गोमती बाहेर आल्या. "काय झालं? यंत्रानं नसलेलं रंगवलं की काय?"

जेबसिंग आपल्या टेबलावरून उठला. त्याचा चेहरा उतरला होता. अण्णाच्चींना तिथंच 'हो' म्हणता आलं असतं.

"रंगवून सांगतो," ते म्हणाले.

तो वेळ मला अजून आठवतो. खिडकीतून ऊन बरण्यांवर पडलेलं. तो तुकडा काचेला धड चिकटलेला नव्हता. पाण्यावरून आलेले पाहुणे असेच सैल बसतात. अण्णाच्चींची सवय स्लाइड बरणीत खळाखळा दहा वेळा बुडवायची. तशी बुडवली असती तर तुकडा सुटून तळाशी गेला असता. मग काचेवर नुसती कंडक्टरची निरोगी जीभ, आणि पडद्यावर कॅन्सर. यंत्र खोटं पडलं असतं. कंडक्टरची जीभ वाचली असती, बरण्याही वाचल्या असत्या. हे मला टेबलाशी बसून सुचलं, म्हणजे त्यांना माझ्या कितीतरी आधी सुचलेलं असणार.

त्यांनी स्लाइड पाण्याला कळू नये इतक्या हळू खाली सोडली. तितक्याच हळू वर काढली. अकराही बरण्यांत तसंच. बोअरच्या नळाखाली तर त्यांनी काचेवर आडवा तळहात धरला, धार थेट पडू नये म्हणून. तुकडा टिकला.

डॉक्टर गोमतींनी स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. फोकसचं बारीक चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं.

"तुकडा स्पष्ट केला की जीभ धूसर होते," त्या म्हणाल्या. "जीभ स्पष्ट केली की तुकडा. दोन्ही एका पातळीत नाहीत. वरून येऊन बसलाय." त्यांनी डोकं वर केलं. "अण्णाच्ची, पाणी पुसलं नव्हतं?"

"नाही, अम्मा."

"एकतीस वर्षांत तुम्ही..."

"नव्हतं पुसलं."

जेबसिंग पुढे आला. "मॅडम, त्या दिवशी मीच अण्णाच्चींना..."

"तंबी," अण्णाच्चींनी त्याला मध्येच थांबवलं, "हात कुणाचा होता?"

जेबसिंग मागे सरकला.

"ब्लॉक पुन्हा कापा," डॉक्टर म्हणाल्या.

अण्णाच्चींनी नवं पातं लावलं. काप काढण्याआधी पाणी पुसलं, काढल्यावर पुसलं. खोल जाऊन तीन काप काढले, तिन्ही रंगवले. कुठंही काही नव्हतं. सुपारीनं सोललेली, भाजलेली, पण स्वतःचीच जीभ. डॉक्टरांनी सर्जनला फोन करून सोमवारचं रद्द केलं, मग इसक्कीपांडीला आत बोलावून सुपारीवरून असं झापलं की बाहेर ऐकू येत होतं. तो बाहेर आला तो जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला. शिटी खिशातच होती.

डॉक्टर गोमती बरण्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"यंत्राला हे कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "काचेवर जे दिसतं ते सगळं त्याला एकाच माणसाचं वाटतं. बरण्या राहू द्या, अण्णाच्ची."

"यंत्र खोटं बोललं तर राहतील, असं ठरलं होतं, अम्मा." अण्णाच्चींचा आवाज नेहमीसारखाच होता. "ते खोटं बोललं नाही. होतं तेच त्यानं दाखवलं."

"मी सांगतेय ना, राहू द्या."

अण्णाच्ची बरण्यांकडे वळले. त्यांनी पहिली बरणी उचलली. टाकाऊ रंगाच्या कॅनमध्ये ती रिकामी केली, बोअरच्या नळाखाली विसळली आणि वर्तमानपत्रावर पालथी घातली. मग दुसरी. जेबसिंग मदतीला हात पुढे करून तसाच उभा राहिला. अकरावी बरणी पालथी घातली तेव्हा फळीवर फक्त अकरा वर्तुळं उरली, एकतीस वर्षांची, निळी.

हात धुऊन ते कोमट पाण्याच्या भांड्यापाशी आले. कालचं वर्तमानपत्र घेतलं आणि उभ्या उभ्या त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या, एकसारख्या. पूर्ण पेपर संपेपर्यंत. गठ्ठा भांड्याच्या उजव्या बाजूला ठेवला, पुढे तिथं जो बसेल त्याचा हात लगेच पोचेल असा.

दाराशी त्यांनी चपला घातल्या. जिन्यावर इसक्कीपांडी त्यांना वाट द्यायला बाजूला सरकला, काहीतरी म्हणाला. अण्णाच्ची त्या पायरीवर थांबले, त्याच्याकडे पाहिलं, आणि खाली उतरून उन्हात निघून गेले.