खारा वारा आणि भावोजींचा ट्रॅक्टर

खाऱ्या वाऱ्याशी जन्माचं वैर धरलेला माणूस अख्ख्या मालवण किनाऱ्यावर एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. तारकर्लीला भावोजींचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथला वारा लोखंड खातो हे खरंच, पण बाकीचे लोक ते मुकाट्यानं सोसतात. भावोजी मात्र प्लास्टिकच्या पिशव्या आणि सुतळी घेऊन त्याच्याशी लढतात. टीव्हीचा रिमोट पिशवीत, टॉर्च पिशवीत, दाराचं कुलूपसुद्धा पिशवीत. एकदा ताईला ठेच लागली, तेव्हा मलमाच्या पिशवीच्या गाठी सुटून ट्यूब हाती येईपर्यंत रक्त आपोआप थांबलं होतं. भावोजींनी त्याचंही श्रेय मलमाला दिलं.

कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी परसातल्या भाजीसाठी एक छोटा ट्रॅक्टर घेतला; पेट्रोलवरचा, मागून दांडे धरून चालत जायचा. त्याच्यावर त्यांचा भारी जीव. त्याच्याशी ते मालवणीत गप्पा मारायचे आणि तो अडला की कचेरीच्या मराठीत बोलायचे, ‘आपण सहकार्य करावं, ही विनंती.’ मी हसलो की मला समजावायचे, “इंजिन बिघडणा नाय रे, रुसता. समजूत काढूक होयी.”

दोन वर्षांपूर्वी भातकापणी उरकली, लाल माठ आणि वाल लावायचे दिवस आले आणि तो असा काही रुसला की विचारू नका. दहा मिनिटं झकास चालायचा, मग आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा आणि शेवटी बंद. मी चार दिवसांसाठी गेलो होतो, आयताच मदतनीस म्हणून सापडलो. गंमत वाटावी असं फारसं नव्हतंच. शेजारच्या लॉजवाल्याला पर्यटकांच्या गाड्या लावायला ते परस भाड्यानं हवं होतं, पुण्याहून त्यांचा मुलगाही देऊन टाका म्हणत होता. भावोजींच्या पाठीची काळजी करून ताई थकली होती. तिनं रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर नांगरणी झाली नाही तर लॉजवाल्याला होकार. भावोजींच्या वडिलांनी त्याच परसात भाजी काढली होती. त्या दिवशी जेवणात भावोजींनी दुसऱ्यांदा सोलकढी मागितली नाही, तेव्हाच त्यांना किती लागलंय ते मी ओळखलं.

मग आमची डॉक्टरकी सुरू झाली. गुरुवारी प्लग काढून घासला. शुक्रवारी कार्बोरेटर खोलला, त्यातलं केसाएवढं भोक तांब्याच्या तारेनं साफ केलं आणि एक स्क्रू हरवून तासभर गवतात शोधला. तो अर्थातच पिशवीत निघाला. शनिवारी जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. दर वेळी बंद पडलं की भावोजी टाकीच्या झाकणावरची पिशवी सोडायचे, झाकण उघडून पेट्रोल बघायचे, पुन्हा झाकण लावून वर पिशवी चढवायचे आणि सुतळीचे चार वेढे घट्ट आवळायचे. इंजिन लगेच सुरू व्हायचं. भावोजी माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघायचे. आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

रविवारी ताई चहा घेऊन आली. लॉजवाला दुपारी येणार होता. भावोजी गुडघ्यांवर बसून पुन्हा त्या गाठी सोडत होते. ती थोडा वेळ बघत राहिली.

“तेलाच्या डब्याक एकच भोक पाडला तर तेल धड येता काय?” ती म्हणाली. “हवा आत जावक दुसरा भोक लागता. हेचा तर तोंडच बांधून ठेवलात. तेका श्वास नको घेवक?”

झाकणावर खरोखरच एक बारीक भोक होतं. खारा वारा आत जाऊ नये म्हणून भावोजींनी सगळीच हवा कोंडली होती. त्यांनी पिशवी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढली. सबंध परस नांगरून झालं तरी ट्रॅक्टर एकदाही अडला नाही. लॉजवाला चहा पिऊन परत गेला. “माका वाटलाच होता,” एवढंच भावोजी मला म्हणाले. ताईसमोर नाही.

यंदा गेलो तेव्हा भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. परसाच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी दोन गाड्या उभ्या होत्या, पण बाकीची जमीन मोकळी होती, आणि ट्रॅक्टरचे दांडे ताईनं धरले होते. भावोजी काठी टेकत बांधावरून तिच्या बरोबरीनं चालत होते, कान इंजिनाकडे लावून. इंजिन एका लयीत चालत होतं. मला त्यात काही खोट ऐकू येत नव्हती.

तरी भावोजी मध्येच थांबले आणि त्यांनी काठी वर केली. ताईनं इंजिन बंद केलं. तिचा पदर घामानं भिजला होता.

“बस गो हडे,” ते म्हणाले. “जरा श्वास घे.”

ती बांधावर त्यांच्या शेजारी बसली. भावोजींनी खिशातून एक पिशवी काढली आणि तिच्या गाठी सोडायला लागले. आत तिच्यासाठी पाण्याची बाटली होती. गाठी सुटायला बराच वेळ लागला, पण ताईनं घाई केली नाही. त्या दोघांकडे बघताना मला फार बरं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं रडूही आलं.