एकाच टर्मचा आमदार

मे महिन्यात इथे इंग्लंडात आमचे हे कौन्सिलच्या निवडणुकीत आपटले. कारण काय, तर शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग व्हावं म्हणून यांनी मत दिलं आणि त्यापायी लोकांचं पार्किंग गेलं. लोक असले खवळले की एकाच टर्ममध्ये नगरसेवक घरी! तेव्हापासून माणूस सोफ्यावरून हलेना. गाडी काढलीच, तर शाळेचा रस्ता टाळून दोन राउंडअबाउट जास्तीचे घ्यायचे. यंदा मंडळाच्या गणपतीलाही येणार नाही म्हणाले. "लोक काय म्हणतील?" अहो, मिल्टन कीन्समध्ये लोकांना तेवढी सवड आहे का!

मी रिटायर झाल्यावर लायब्ररीत इतिहासाचा क्लास लावला होता. विस्मरणात गेलेल्या एकेका माणसावर प्रत्येकाने बोलायचं होतं. माझ्या वाट्याला आला एकोणिसाव्या शतकातला, अमेरिकेतल्या एका राज्याचा आमदार. पिठाच्या गिरणीचा मालक, साधा गृहस्थ. एकदा निवडून गेला, बहिऱ्या मुलांच्या शाळेसाठी विधानसभेत भांडला आणि कर वाढला म्हणून पुढच्या खेपेला मतदारांनी त्याला पाडला. परत गिरणीत. मेला, हा तर आमच्याच घरातला!

बोलायच्या दिवशी मी मुद्दामच म्हटलं, "मला ड्रायव्हिंगचा कंटाळा आलाय, तुम्ही सोडा." हे कुरकुरत आले आणि मागच्या खुर्चीत बसले. माझं बोलणं संपल्यावर एका बाईंनी विचारलं, "म्हणजे त्याची कारकीर्द फुकटच गेली ना?"

मी तोंड उघडायच्या आत मागून यांचा आवाज आला, "शाळा झाली का?"

"झाली की," मी म्हटलं. "मुलं शिकली तिथे."

"मग फुकट कशी गेली?" हे चांगलेच चढ्या आवाजात म्हणाले. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

परतताना यांनी गाडी शाळेवरून घेतली. शाळा नुकतीच सुटली होती. क्रॉसिंगवर थांबलो. एक आई बाबागाडी ढकलत गेली आणि जाताना इथल्या रीतीने तिने थँक्यूचा हात वर केला. हे कोण, तिला काय ठाऊक! यांनीही हात वर केला आणि खाली घ्यायचं विसरले. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कुठे भानावर आले.

मी मनातल्या मनात त्या गिरणीवाल्याचे पाय धरले.

"अगं," हे म्हणाले, "मंडळाचा गणपती कधी बसतोय?"