कल का प्रोग्राम

हार्डडिस्क माझ्या हातात होती, मशीनचं झाकण सतरंजीवर पडलं होतं आणि खाला विचारत होत्या, "इसके बिना टीव्ही चलता क्या?"

"टीव्ही दिसेल खाला. रेकॉर्डिंगचं मी बघतो."

"बस. कल का प्रोग्राम मिलना. बाकी कुछ भी करो."

"मिळेल," मी म्हणालो. असं ठामपणे मी सहसा बोलत नाही. मोजल्याशिवाय काही सांगायचं नाही ही माझी सवय आहे. पण त्या दिवशी बोलून गेलो.

टीव्ही आणि तत्सम उपकरणं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. आधी एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली, आता सिडकोत स्वतःचं लहानसं दुकान आहे. हल्ली लोक दुरुस्तीपेक्षा नवीन घेणं पसंत करतात, त्यामुळे माझ्याकडे येतात त्या जुन्या वस्तू आणि त्या टाकवत नाहीत अशी जुनी माणसं. रझियाखाला, खाला म्हणजे मावशी, त्यांतल्याच. शहागंजच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचे पती करीमचाचा लग्नाच्या जेवणावळींचे बावर्ची. त्यांच्या हातच्या नान-खलियासाठी, म्हणजे मोठी मऊ नान आणि मटणाचा पातळ पिवळा रस्सा, लोक लग्नाची तारीख त्यांना विचारून ठरवायचे. मीही तो रस्सा नुसत्या नानबरोबर घेऊन जेवलेला आहे. मटण खात नाही म्हणून तुकडे बाजूला काढून ठेवायचो, आणि चाचा दुरून बघून मान हलवायचे.

मशीन खालांच्या भावानं इंग्लंडहून आणलेलं. ते समजावून सांगतो, कारण आता ते दुर्मीळ झालं आहे. दिसायला डीव्हीडी प्लेअर. पण आत तीन गोष्टी एकत्र. एक ट्यूनर, म्हणजे छतावरच्या अँटेनाकडून आलेला सिग्नल पकडणारा भाग. आमच्या शहरात सरकारी वाहिन्या अजून साध्या अँटेनावर डिजिटल रूपात येतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. दुसरी हार्डडिस्क, जिच्यावर कार्यक्रम साठवता येतो. आणि तिसरा डीव्हीडीचा खण. टायमर लावला की ठरलेल्या वेळी मशीन आपोआप जागं होतं, कार्यक्रम साठवतं आणि पुन्हा झोपतं.

सकाळी खालांचा फोन आला होता. "बेटा, कल का प्रोग्राम मशीन में नहीं दिखता. चाचा का प्रोग्राम है. देगवाला."

सरकारी वाहिनीवाले चाचांवर अर्धा तास चित्रित करून गेले होते, हे मला ठाऊक होतं. सगळ्या शहागंजला ठाऊक होतं. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखर वाढलेली, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच त्यांना दाखल करून घेतलं होतं. मुलगी त्यांच्याजवळ होती. खाला म्हणाल्या, "चाळीस साल लोगां को खिलाए. खुद को पकाते हुए कभी देखे नहीं. जाताना एकच म्हणाले, रझिया, पट्टी निघाली की मला मी दाखव."

हे ऐकून मी निघालो. कार्यक्रम काल झाला, चाचा दवाखान्यात, मशीननं तो साठवला नाही. माझ्या डोक्यात प्रकरण स्वच्छ होतं.

मी नेहमीप्रमाणे प्रश्न विचारले.

"टायमर कुणी लावला होता?"

"मैं ही लगाई. लगाया तो था. लिस्ट में नहीं दिखता."

"कार्यक्रम पुन्हा दाखवणार आहेत?"

"नै. एकच बार."

"इंटरनेटवर?"

"वो उर्दू का प्रोग्राम कौन डालता रे बाबा."

मी यादी उघडली. जुनी रेकॉर्डिंग होती, चाचांचं नव्हतं. एक जुनं चालवून पाहिलं तर चित्र मधूनमधून अडकत होतं. मशीनला कान लावला तर डिस्क कटकट आवाज करत होती. मी अनुमान काढलं. डिस्क खराब होते आहे. कार्यक्रम तिच्यावर लिहिला गेला असावा, पण नोंद तुटल्यामुळे यादीत येत नसावा. असं होतं. अशा वेळी डिस्क काढून संगणकाला जोडायची आणि विशेष सॉफ्टवेअरनं तळापासून वाचायची. हे काम माझा मित्र संतोष करतो. तो वाळूजला एका कारखान्यात संगणक विभागात आहे.

"उद्या येतो," मी म्हणालो.

"पाँच के पहले आना बेटा."

संध्याकाळी त्यांना दवाखान्यात जायचं असेल, असं मी समजलो. तुम्ही स्वतः कार्यक्रम पाहिलात का, एवढा साधा प्रश्न मी विचारला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी माणसाला नाही, मशीनला प्रश्न विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी संतोषचा फोन आला.

"काय राव, कसली डिस्क दिलीस? कालपासून वाचून ऱ्हायलो. ह्यात लई जुनं जुनं हाय. परवाचं काय नाय."

"असेल बघ. तुटलेलं असेल."

"तुटलेलं असलं तर तुकडे सापडत्यात की. तुकडा बी नाय. ते रेकॉर्डच झालं नसंल."

"टायमर लावला होता म्हणतात."

"म्हणणाऱ्यानं लावला, मशीननं ऐकलं का?"

डिस्क त्याच्याकडेच ठेवायला सांगितली, अजून एकदा वाचून बघ म्हणालो, आणि शहागंजला निघालो. हात रिकामे होते. तरी खालांनी पाचच्या आत बोलावलं होतं म्हणून गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो: खाला, प्रयत्न केला, पण.

दार उघडं होतं. खालांनी ठेवणीतला दुपट्टा घेतला होता. टीव्हीसमोर खुर्ची मांडली होती आणि शेजारी माझ्यासाठी दुसरी.

"अच्छा हुआ आए. पंधरा मिनट में शुरू होता."

"काय शुरू होतं?"

"चाचा का प्रोग्राम."

"तो काल झाला ना?"

"कल कैसा होगा? आज है. मैं तुमको कल बोली ना, कल का प्रोग्राम."

मी खुर्चीवर बसलो. कल. हिंदीत काल म्हणजेही कल आणि उद्या म्हणजेही कल. या शहरात जन्म गेला, रोज दहा वेळा हा शब्द ऐकतो, आणि तरी आदल्या दिवशी माझ्या मराठी कानानं त्यात काना घातला होता. त्यांची सगळी वाक्यं मनात पुन्हा चालवून पाहिली. प्रत्येक वाक्य उद्यालाही बसत होतं. त्या पाहत होत्या ती यादी लावलेल्या टायमरची. मी पाहिली ती झालेल्या रेकॉर्डिंगची. दोन्ही याद्यांत चाचा नव्हते. म्हणजे आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

"डिस्क बसाओ," खाला म्हणाल्या.

"डिस्क वाळूजला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तो अब उनको क्या दिखाऊँ?"

वाळूजहून कुणी निघालं तरी कार्यक्रम संपल्यावर पोचलं असतं. मी मशीन चालू केलं. समोर लाल अक्षरांत डिस्क सापडत नसल्याची सूचना आली. बटणं दाबत राहिलो, खरं तर काही सुचत नव्हतं म्हणून. एका बटणावर सूचना गेली आणि डीव्हीडीचं चित्र आलं. तेव्हा आठवलं, हे यंत्र मुळात डीव्हीडी रेकॉर्डर आहे. डिस्क नसली तरी कोऱ्या डीव्हीडीवर थेट लिहितं. इतकी वर्षं लोकांना हार्डडिस्कचीच सवय झाली, मलाही.

"खाला, कोरी डीव्हीडी आहे का घरात?"

"डीव्हीडी?"

"ती चकती. चमकणारी."

"भाई ने पूरा डब्बा भेजा था. गच्चीवर आहेत."

"गच्चीवर?"

"कबूतर के वास्ते."

मी जिना चढलो. अँटेनाच्या दांड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दोरी, आणि दोरीला ओळीनं चकत्या. उन्हात फिरत, लखलखत. कठड्यावर कबुतरं निवांत बसली होती. कोऱ्या डीव्हीडीत एक रंगाचा थर असतो, लेसर त्याच्यावर लिहितो. ऊन लागलं की तो थर मरतो. चार-पाच चकत्यांचा मूळचा जांभळा रंग पूर्ण उडाला होता. खालून आवाज आला.

"शुरू होता! गाना बज रहा!"

मी टाकीच्या मागं गेलो. तिथं सावलीत तीन चकत्या होत्या. एकीवर कबुतरांनी आपलं मत नोंदवलेलं. दुसरीला तडा. तिसरी जांभळी. दोरी तोडली, चकती शर्टाला पुसली, जिना उतरलो.

पडद्यावर चाचांचं नाव येऊन गेलं होतं. चाचा तिरके उभे, समोर देग, म्हणजे ते हंड्यासारखं मोठं भांडं, आणि धूर. खाला टीव्हीशी बोलत होत्या. "वो शर्ट क्यों पहने? मैं नीला निकाल के रखी थी."

चकती खणात घातली. मशीन विचार करत राहिलं. घरघर, थांबणं, पुन्हा घरघर. टीव्हीतले चाचा नानचं पीठ किती वेळ मळायचं ते सांगत होते, ते गेलं. कोणत्या लाकडावर शिजवायचं ते सांगत होते, तेही गेलं. मग पडद्याच्या कोपऱ्यात लहानसा लाल ठिपका आला.

"ये क्या?"

"लिहितंय, खाला. आता काही हात लावू नका."

त्यांनी हात मागं घेतले आणि मांडीवर ठेवले. कार्यक्रम संपेपर्यंत मी चाचांकडे पाहिलंच नाही, त्या ठिपक्याकडे बघत होतो.

संपल्यावर एक काम उरतं, त्याला फायनलाइज म्हणतात. चकती बंद करून तिला अनुक्रमणिका लावणं. ते केलं नाही तर ती दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालत नाही. ते किती झालं हे दाखवणारी पट्टी पडद्यावर सरकत असताना मी पहिल्यांदा कपाळाचा घाम पुसला. मिळाला तो निम्म्याहून थोडा अधिक कार्यक्रम.

रात्री जेवताना हे सगळं घरी सांगितलं. बायको म्हणाली, "मोबाइल खिशात होता ना? टीव्हीसमोर धरायचा. सुरुवातही मिळाली असती."

मी आमटी वाढून घेतली.

पुढच्या दिवशी संतोषकडून डिस्क आणून बसवली. चित्र अडकायचं ते डिस्कमुळे नव्हतं, केबल सैल होती. कटकट तर ती नवी असतानाही करायची, असं खालांनी आता सांगितलं. पण माझी खरी अडचण वेगळीच होती. खालांनी टायमर लावला होता, तर तो यादीतून गेला कुठं? आता त्यांनी माझ्यासमोर पुन्हा लावून दाखवला. पद्धत अचूक होती. मग मी मशीनची तारीख उघडली. समोरच्या बाजूला नुसती तास-मिनिटं दिसतात, ती बरोबर होती, म्हणून मी आत पाहिलंच नव्हतं. तारीख दोन दिवस पुढं होती. वीज गेल्यावर घड्याळ हातानं लावताना बटण दोनदा जास्त दाबलं गेलं असणार.

आता हिशेब करा. मी पहिल्यांदा गेलो तो मंगळवार. कार्यक्रम बुधवारी. मशीनला वाटत होतं, आज गुरुवार आहे. त्यानं टायमर पाहिला आणि वेळ टळून गेली म्हणून काढून टाकला. म्हणजे त्या घरात कार्यक्रम कालचा आहे असं समजणारे दोघं होतो, मी आणि ते मशीन. एकट्या खालांचं बरोबर होतं.

चाचांची पट्टी निघाल्यावर त्यांनी मला बोलावलं. चाचा काळा चष्मा लावून टीव्हीच्या अगदी जवळ बसले होते. चकती लावली. मध्येच सुरू झाली, चाचा वाक्याच्या अर्ध्यात, "…और हल्दी बाद में." ते पुढं वाकले.

"ये बूढ़ा कौन है?"

"कौन होगा?" खाला म्हणाल्या. "तुमिच."

चाचा बराच वेळ बघत राहिले. मोतीबिंदू हळूहळू वाढतो. आरशातही त्यांना इतकी वर्षं धूसरच दिसत होतं. मी सुरुवात राहून गेल्याबद्दल बोलायला लागलो, तर त्यांनी हातानं गप्प केलं. पडद्यावर ते पळीभर रस्सा वर उचलून पुन्हा देगेत सोडत होते.

"रंग बराबर आया," ते म्हणाले. "मैं समझता था फीका आ रहा. दोन साल से अंदाज़ से डाल रहा था."

मग त्यांनी सुरुवातीपासून, म्हणजे जिथून मिळालं तिथून, पुन्हा लावायला सांगितलं.

तारीख मी दुरुस्त करून ठेवली आहे. आता दुकानात कुणी कल म्हणालं की मी वार विचारतो. लोकांना वाटतं, माणूस फार चिकट आहे. त्या दिवशी निघताना खाला दारात आल्या.

"बेटा, कल आना. ये पट्टी के खुशी में चाचा खलिया बना रहे. तुम्हारा रस्सा अलग."

या वेळी वाक्यात क्रियापद होतं आणि शंकेला जागा नव्हती. तरी मी विचारलं, "खाला, वार कोणता?"