हिवरखेडच्या वावरातलं गिधाड

अकोल्याला सकाळी नऊलाच ऊन टाळूवर बसले होते. मला न्यायला डॉ. सुजाता आली होती. ती माझ्या मुलीची मैत्रीण, सरकारी पशुवैद्यक. जठारपेठेतल्या घरी तिच्या आईने सांभारवडी (सांभार म्हणजे कोथिंबीर) गरम गरम वाढली. खाता खाता मी माझे पुणेरी मत ऐकवले.

"प्राणिसंग्रहालयात जन्मलेली गिधाडं रानात सोडणार म्हणे! पिंजऱ्यात वाढलेल्यांना रान काय कळणार?"

"काकू, तिथल्या लोकांनी अंडी उबवून पिल्लं जगवली, म्हणून ही जात उरली," सुजाता म्हणाली. "गुरांच्या दुखण्यावर एक इंजेक्शन द्यायचे. ते मेलेल्या गुरातून गिधाडांच्या पोटात गेलं की गिधाडं मरायची. आता बंदी आहे. पण मागितलं तर देणारे भेटतात अजून."

दुपारी सातपुड्याच्या पायथ्याशी पोचलो. तिथल्या उंच जाळीच्या पिंजऱ्यात गिधाडे काही महिने राहून इथल्या हवेला सरावली होती. शेजारी त्यांना सोडण्याच्या समारंभाचा मांडव. फलकावर प्रमुख पाहुण्यांचे सहा फोटो आणि गिधाडाच्या जागी चक्क गरुड! पाहुणे दोन तास उशिरा आले. त्यांनी दोरी ओढली, दार उघडले, ढोल वाजले आणि सगळी गिधाडे पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन बसली. तरीही पाहुण्यांनी "आजपासून गिधाडे स्वतंत्र!" असे जाहीर केले, फोटो काढून घेतले आणि ते जेवायला निघून गेले. मागे उरल्या त्या पत्रावळी, त्याही रानातच.

दुसऱ्या दिवशी, कुणी नसताना, गिधाडे एकेक करून बाहेर पडली. आम्ही दुरून दुर्बिणीने पाहत होतो. एक तरुण मादी तर सरळ दक्षिणेकडे दिसेनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी सुजाताला हिवरखेडहून फोन आला. आम्ही धावलो.

वांग्याच्या वावरात (शेतात) पन्नासेक माणसे जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. मधोमध चवाळ्याखाली (गोणपाटाखाली) काहीतरी हलत होते. त्याच्यासमोर खुरपे घेऊन एक बाई उभी होती. वावर तिचेच, नाव पंचफुलाबाई.

"पाठीवर मशीन हाय त्याच्या, जासूस हाय ते!" एकजण ओरडला.

"जासूस आसन तं माह्या वांग्यायची माहिती नेईन. तुले कावून भेव वाटून राहिलं? हट तिकडं!"

गर्दीला समजवावे म्हणून मी पुढे झाले. संवर्धन, दुर्मीळ प्रजाती, मागोवा घेणारे यंत्र, सगळे शुद्ध मराठीत सांगितले. लोकांनी माझाही व्हिडिओ काढला, बस.

सुजाता गुडघ्यावर बसली. "यावर चवाळं कोणी टाकलं?"

"म्या. कोंबडीचं डोकं झाकलं का ते गप बसते. आमचे लोक गोटे मारून राहिले होते, बाई. सकायपासून हाटली नाही मी इथून. भाजी बाजारात न्याची रायली."

दोन गोटे तिच्या पायालाही लागले होते. तिने ते आम्हाला सांगितले नाही. नडगीवरचे रक्त मला दिसले.

दक्षिणेकडे गेलेली तीच तरुण मादी होती. पक्षी तहानेने थकला होता, मोडतोड काही नव्हती. सुजाताने त्याला नळीने पाणी पाजले आणि दोन दिवस पिंजऱ्यात ठेवले. मग पुन्हा सोडताना आम्ही पंचफुलाबाईंनाही नेले. दोरी नाही, ढोल नाहीत. गिधाड डोंगराच्या कडेवरून वर चढत गेले तशा त्या हात कपाळाशी धरून बघत राहिल्या. "लय कुरूप हाय," एवढेच म्हणाल्या आणि खूप हसल्या.

परतीच्या दिवशी अकोला स्टेशनावर वर्तमानपत्र घेतले. आत गिधाडांवर लेख, त्यात दोरी ओढणारे पाहुणे, हसतमुख. पंचफुलाबाईंवर एक ओळही नाही. मी ज्या पिंजऱ्याला नावे ठेवत आले होते, तिथल्या माणसांनी आपले काम चोख केले होते. बाहेरच्या आपल्यालाच नीट वागता येत नव्हते.

गाडी सुटता सुटता सुजाताचा फोन आला.

"काकू, ती मादी खायला उतरली! मेलेल्या बैलावर, बाकीच्यांसोबत."

मला ते बंदी घातलेले इंजेक्शन आठवले. "बैलाला काय टोचलं होतं?"

"मालकाच्या घरी जाऊन विचारून आले. काहीच नाही. म्हातारा होऊन मेला."

एका म्हाताऱ्या बैलाच्या मरणाने मला एवढा आनंद का झाला, हे शेजारच्या प्रवाशाला पुढचे स्टेशन येईपर्यंत काही मला समजावता आले नाही.